दारावरची एक रेघ

आमच्या घरमालकांनी मला माझ्या नावाने कधीच हाक मारली नाही. त्यांच्या लेखी मी 'सात पाइप' होते.

घणसोली गावातल्या त्या गल्लीत आगीचा बंब शिरत नाही. तो बाहेर मोठ्या रस्त्यावर थांबतो आणि तिथून एकाला एक पाइप जोडत आत यावं लागतं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीला सात पाइप लागतात, समोरच्या इस्त्रीवाल्याला चार, अगदी मागच्या घराला नऊ. हे सगळं त्यांनी पावलांनी मोजून ठेवलं होतं. "ए नऊ पाइप, तुजी रिक्षा काड मदनं!" असं ते ओट्यावरून ओरडले की मागच्या घरातला रिक्षावाला पुटपुटत बाहेर यायचा.

"काका, आग लागलीय कुठं?"

"लागली नाय म्हनूनच सांगतंय."

अग्निशमन दलातून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. घर त्यांचं स्वतःचं, गावठाणातलं, तळमजल्यावर ते आणि काकी, वर तीन मजले भाडेकरू. मी खोली बघायला आले तेव्हा माझ्याबरोबर माझे वडील होते. ते गवंडीकाम करतात. माण तालुक्यातून एवढ्या लांब ते पहिल्यांदाच आले होते, आणि आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मीही पहिलीच. मालकांनी ना आडनाव विचारलं, ना कॉलेज कुठलं ते. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरीला वरडता येतं का?"

वडील हात जोडून म्हणाले, "न्हाई वो, लई शांत हाय पोरगी. तुमाला तरास न्हाई व्हायचा."

त्यांना वाटलं, आपण पोरीचं कौतुकच केलं. मालकांचा चेहरा मात्र पडला. 

"शांत मानसं सापडत नाय," ते म्हणाले, आणि किल्ली दिली.

त्या घरात राहायचं तर एक नियम होता. चपला वर न्यायच्या नाहीत. ओट्यावर लाकडी मांडणी होती, तिच्यात प्रत्येक भाडेकरूचा एक खण. आत असाल तर चपला खणात, बाहेर गेलात तर खण रिकामा. मांडणीत वरच्या कोपऱ्यात त्यांच्या स्वतःच्या तपकिरी चपला असायच्या. घरमालक असले तरी नियम त्यांनाही लागू होता. एकदा माझ्याबरोबर राहणारी नर्सिंगची मुलगी पावसात चपला भिजतात म्हणून वर घेऊन गेली, तर त्यांनी तिला अर्धा तास फैलावर घेतलं. ती म्हणाली, "काका, चपलाच आहेत ना?" ते म्हणाले, "चपला नाय बाय, मानूस हाय तो. मना खालून दिसला पायजे, वर कोन हाय."

रोज दुपारी चारला ते चपला मोजायचे आणि मग डोळे मिटून जिना चढायचे.

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. राहायला आल्यावर तिसऱ्या दिवशी मी पॅसेजमध्ये कपडे वाळत घालत होते. समोरून ते येत होते. डोळे घट्ट मिटलेले, डावा तळहात भिंतीवर, उजवा हात उलटा करून तोंडापुढे धरलेला. पायात काही नाही, म्हणून आवाजही नाही. मी बाजूला सरकले. ते माझ्या अगदी जवळून गेले, त्यांचा उलटा हात माझ्या ओढणीला लागला, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. नुसते म्हणाले, "एक," आणि पुढे गेले. नंतर मी पाहिलं, जिन्यापासून पॅसेजच्या टोकापर्यंत डाव्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक काळपट, गुळगुळीत पट्टा पडला होता. इतकी वर्षं एकाच हाताने पडलेला.

उजवा हात उलटा का, हे मी धीर करून एकदा विचारलं. ते म्हणाले, "धुरान वायर लोंबत असते. तळहात लागला तर हात मूठ धरतो, सोडत नाय. उलटा लागला तर झटकतो." मग माझा हात पालथा करून त्यांनी माझ्याच तोंडापुढे धरला. "आसा. ध्यानात ठेव."

प्रत्येक दारापुढे ते थांबायचे आणि विचारायचे, "कोन हाय?" आतल्याने सांगायचं, "मी हाय." एवढंच. माझी नर्सिंगवाली मैत्रीण आतून ओरडायची, "मी हाय काका, जिवंत हाय!" आणि हसायची. मला ते जमायचं नाही.  खरं सांगायचं तर हा माझा जुनाच दोष. कॉलेजात हजेरी घेताना माझं 'यस मॅडम' पुढच्या बाकापर्यंतही पोचायचं नाही. वर्गात बसलेली असून मी गैरहजर लागायची. पहिल्या वर्षी उपस्थिती कमी म्हणून मला ऑफिसात बोलावलं, तेव्हा क्लार्कबाई म्हणाल्या, "वर्गात असतेस तर सांगत का नाहीस?" मी फॉर्मवर सही केली आणि बाहेर पडले.

तर मी एकटी असले की दाराबाहेर "कोन हाय?" झाल्यावर आतून काहीच यायचं नाही. मग ते ऐकायला लागायचे. ऐकताना ते श्वास धरायचे. धुरात आपल्याच श्वासाचा आवाज मोठा असतो, दुसऱ्याचा ऐकायचा तर आधी आपला थांबवावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. दाराच्या फटीखाली त्यांच्या पावलांची सावली दिसायची. ती हलायची नाही. भर दुपार, खाली इस्त्रीवाल्याचा रेडिओ चालू, आणि दाराच्या पलीकडे एक माणूस श्वास न घेता उभा. मला ते सहन व्हायचं नाही. मी हातातलं पातेलं स्वयंपाकाच्या ओट्यावर आपटायची.

"भांडा नको वाजवू," बाहेरून आवाज यायचा. "भांडा उंदीर पन पाडतो. तोंडान बोल."

मग खडूचा आवाज. दारावर एक तिरकी रेघ, प्रत्येक दारावर असायची तशी, रोज त्याच जागी गिरवलेली.

ही रेघ काय असते ते मला त्यांच्या जुन्या सहकाऱ्याने सांगितलं. तो साताऱ्याकडचा, अजून नोकरीत असलेला जवान. महिन्यातून एकदा ओट्यावर चहाला यायचा. आगीच्या ठिकाणी खोली तपासायला आत शिरताना दारावर एक तिरकी रेघ मारायची. तपासून बाहेर पडताना तिच्यावर दुसरी. फुली झाली की मागून येणाऱ्याने समजायचं, खोली बघून झाली, आत कुणी नाही, वेळ घालवू नका.

"पण ह्यो बाबा दुसरी रेघ मारायचाच न्हाई," जवान हसत म्हणाला. "सायबांनी मेमो दिले, बोलणी खाल्ली. आमाला डबल काम. ह्यानं बघितलेली खोली आमी परत बघायची. आमी म्हणायचो, ह्याच्या खोलीत कायम कोन तरी आत."

मालक चहा पीत होते. ते हसले नाहीत. "आसतो," ते म्हणाले, आणि कप खाली ठेवला. जवानाने विषय बदलला.

संध्याकाळी ते ओट्यावर मास्क घालून बसायचे. दलाने मोडीत काढलेला श्वसनाचा मास्क, काळ्या रबराचा, काच पिवळी पडलेली. सिलिंडर नसल्यामुळे त्याचा धुरात उपयोग शून्य. पण तो चेहऱ्यावर चढवून, मांडीवर हात ठेवून ते तासभर बसून राहायचे. नवीन कुरिअरवाला एकदा गल्लीत वळला, ओट्याकडे पाहिलं आणि पार्सल इस्त्रीवाल्याकडे टाकून निघून गेला. मलाही संध्याकाळी घरी येताना त्यांच्याकडे बघवायचं नाही. काचेआड डोळे दिसायचे नाहीत, आणि श्वास घेताना रबर आत ओढलं जाऊन एक फुसफुसता आवाज यायचा.

गल्लीतली पोरं मात्र मुळीच घाबरायची नाहीत. मालकांनीच त्यांना ती सवय लावली होती. पोरं मास्कला हात लावायची, काचेवर टकटक करायची. मग खेळ. पोरांनी लपायचं: पायरीखाली, पिंपामागे, काकींच्या कॉटखाली. मास्कमधून घोगरा आवाज यायचा, "कोन हाय?" आणि लपलेल्याने ओरडायचं, "मी हाय!" जो गप्प बसेल तो हरला. लपाछपीच्या अगदी उलट. शेजारची पाच वर्षांची स्वरा या खेळात पटाईत. तिचा आवाज चार घरं ओलांडून जायचा. कुणी हळू बोललं की मालक मास्कमधून म्हणायचे, "मोठ्यान बोल. धूर भैरा असतो."

एकदा स्वराने मला ओढत नेलं, "ताई, तू पण लप!" मी पिंपामागे बसले. मास्क माझ्या समोर येऊन थांबला. "कोन हाय?" मी हसून तोंडावर हात ठेवला. त्यांनी मास्क काढला. डोळ्यांत राग होता की भीती, मला नीट सांगता येणार नाही. ते म्हणाले, "तू नको खेलू."

आग लागली ती एप्रिलमध्ये, दुपारी, माझी दुसऱ्या वर्षाची परीक्षा चालू असताना. जिन्याखालच्या मीटरबॉक्सने पेट घेतला. ज्वाळा फार नव्हत्या म्हणे, पण जिना म्हणजे चिमणीच झाला. मैत्रीण ड्यूटीवर होती; मी दार उघडलं तर पॅसेज नव्हताच. काळं काहीतरी होतं आणि ते आत येत होतं. मी दार लोटलं, ओढणी भिजवून नाकाला लावली आणि बाथरूममध्ये जाऊन दार ओढून घेतलं. कडी मोडलेली होती, म्हणून दोन्ही हातांनी मूठ धरून बसले.

मग मला मालक ऐकू आले. आधी भिंतीवरून घासत येणारा हात. मग गुडघे. मग खोकला, ओल्या फडक्यातून आल्यासारखा. खोलीचं दार उघडलं. खडू करकरला.

"कोन हाय?"

तो त्यांचा आवाज होता हे मला माहीत होतं. पण तो त्यांच्यासारखा नव्हता. जाड, फाटलेला, जमिनीजवळून येणारा. दाराच्या फटीतून मला काहीतरी काळं सरपटताना दिसलं, आणि मी दुपारी चारला जशी गोठायची तशी गोठले.

खोकला थांबला. त्यांनी श्वास धरला होता. त्या धुरात, आपला श्वास धरून, ते माझा ऐकत होते. मी तोंडावर ओढणी दाबली. दोनच शब्द होते. रोज पोरं ओरडायची ते.

हात पुन्हा भिंतीला लागला आणि लांब गेला. शेजारच्या खोलीचं दार वाजलं. मग परत आला. ते गेले तेव्हाच मी ओरडायला हवं होतं. नाही ओरडले.

"सात पाइप! चपला खाली हाय तुज्या! आवाज दे!"

मी आवाज दिला नाही. हात भिंतीवरून सरकत बाथरूमच्या दारापाशी आला. त्यांनी दार ओढलं. आणि मी ते आतून ओढून धरलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ते बाहेरून ओढत होते आणि मी आतून. किती वेळ, मला कळत नाही. मग माझे हात सुटले. पुढचं आठवत नाही. नंतर ऐकलं की जवान आले ते सहाच पाइप घेऊन, आणि मालकांनी मला जिन्याच्या वळणापर्यंत ओढत आणून, तिथे पडल्या पडल्या खाली ओरडून सांगितलं की सातवा लागेल.

मला दोन दिवसांत सोडलं. त्यांना सोडलं नाही. इतकी वर्षं धुरात गेलेली फुप्फुसं, डॉक्टर म्हणाले, त्यात आता हे. मी भेटायला गेले तेव्हा काकींनी मला बाहेरच गाठलं आणि बाकावर बसवलं.

"पोरी, ते तुला एक इचारतील," काकी म्हणाल्या. "आगुदर आयक."

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका इमारतीत आग. मालक मास्क घालून एका खोलीत शिरले, कॉटखाली बघितलं, कपाट उघडलं, "कोन हाय?" विचारलं. उत्तर नाही. बाहेर पडताना त्यांनी दुसरी रेघ मारली. मागचे लोक फुली बघून पुढे गेले. खोलीत दिवाण होता, आतून पोकळ, अंथरुणं ठेवायचा. त्यात पाच वर्षांचा मुलगा लपला होता.

"डाक्टर बोलला, तो आगुदरच बेसुद झाला आसल," काकी म्हणाल्या. "पन यांना वाटतं, पोरान आवाज आयकला. मास्कवाला राक्षस आला, म्हनून गप रायला. वीस वरसां तेच. रातचे उटून इचारतात, त्यान मना आयकला आसल का ग?" त्यांनी माझा हात धरला. "तू बेसुद व्हतीस, कायपन आयकला नाय, आसा सांग. बाय, त्यांना झोप लागू दे."

आत मालक नाकात नळी घालून पडले होते. मला बघून त्यांनी काकींना पाणी आणायला पाठवलं. 

"मी हाक मारली," ते म्हणाले. "दोनदा. आयकू आली व्हती?"

मी जमिनीकडे बघितलं. "नाही काका. मी बेशुद्ध होते."

त्यांनी उजवा हात उचलला, बोटं मुठीत घट्ट आवळली, जणू कुणी काही ओढतंय आणि ते सोडत नाहीत. बराच वेळ तशीच धरली. मग मूठ उघडली.

"बरां," ते म्हणाले.

घरी आल्यावर ते ओट्यावर बसायचे, शेजारी ऑक्सिजनचं मशीन. मास्क घालता येत नव्हता. तो स्वरा घालायची आणि पोरांना शोधायची. जिना चढायची त्यांना मनाई होती. पण एका दुपारी, काकी बाजारात गेल्या असताना, ते वर आले. मी लायब्ररीत होते. इस्त्रीवाला म्हणाला, अर्धा तास लागला त्यांना, तीनदा पायरीवर बसले, डोळे मिटलेलेच.

संध्याकाळी मी जिना चढले तर पहिल्या मजल्यावरच्या दारांवर फुल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरही. इतक्या वर्षांच्या एकेरी रेघांवर त्यांनी दुसरी रेघ मारली होती. माझ्या शेजारच्या खोलीवर फुली. आणि माझ्या दारावर एकच रेघ, एप्रिलमधली, काजळी धरलेली.

ते विसरले नव्हते. माझ्या दारापाशी खडूचा भुगा पडला होता. तिथे ते उभे राहिले होते आणि त्यांनी दुसरी रेघ मारली नव्हती.

मी खूपदा ठरवलं, खाली जाऊन सांगायचं. ओट्यापर्यंत जायची सुद्धा. ते माझ्याकडे बघायचे, आणि मशीन लावलेलं असूनही त्यांचा श्वास क्षणभर थांबायचा. मी चपला खणात ठेवायची आणि वर जायची. असे तीन महिने गेले.

श्रावणात, एका सकाळी, ते गेले.

त्यांना ओट्यावरच ठेवलं होतं. गल्ली भरली होती. साताऱ्याचा जवान आणखी चार जणांना घेऊन आला होता, गणवेशात. रिक्षावाल्याने कुणी न सांगता रिक्षा बाहेर नेऊन लावली होती. काकी भिंतीला टेकून होत्या, रडून झालेल्या. मी मांडणीपाशी उभी होते.

स्वरा गर्दीतून वाट काढत आली. तिला कुणी आवरायच्या आत ती मांडणीपुढे थांबली आणि वरच्या कोपऱ्यातल्या खणाकडे तिने पाहिलं. तपकिरी चपला तिथेच होत्या. काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. तिने चपलांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. तिला नियम पाठ होता. चपला आहेत, म्हणजे माणूस आत आहे.

ती त्यांच्या तोंडावर वाकली आणि नेहमीच्या आवाजात ओरडली, "कोन हाय?"

सगळी गल्ली गप्प झाली. तिची आई पुढे झाली आणि तशीच थांबली. स्वराने गाल फुगवून श्वास धरला होता, त्यांनी शिकवला तसा, आणि ती ऐकत होती. गणवेशातले जवानही श्वास धरून उभे होते. मशीन बंद होतं. इस्त्रीवाल्याचा रेडिओ बंद होता. इतकं ऐकणं मी कधी पाहिलं नव्हतं.

"मी हाय," मी म्हणाले.

काकींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं, मी कुणाला सांगतेय ते.

स्वरा वळली. तिने श्वास सोडला आणि कमरेवर हात ठेवून माझ्यावर रागावली. "मोठ्यान बोल. धूर भैरा असतो."

मी मोठ्याने बोलले. चार पाइपवरच्या इस्त्रीवाल्याने वळून पाहिलं, इतक्या मोठ्याने.